बंपरच्या तोंडाला जाळी: कोणती, कशी, आणि कुठे नको

विचारणारे गृहस्थ सांगली-कोल्हापूर रोज ये-जा करतात. गाडी पाच वर्षांची हॅचबॅक. पुढच्या डंपरच्या चाकातून उडालेल्या खडीने एसीचा कंडेन्सर फुटला, नवा बसवला, आणि दोन महिन्यांत त्याच्यावरही दगडाची खूण उमटली. आता बंपरच्या खालच्या उघड्या तोंडाला आतून जाळी लावायची आहे. जाळी कोणती घ्यावी, बसवावी कशी, इंजिन तापेल का, उरलेला तुकडा वायपरखालच्या पट्टीत उंदरांसाठी चालेल का, आणि काम पावसाळ्याआधी करावं की नंतर, असे पाच प्रश्न आहेत.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं डेंटिंग करतोय. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम निघाल्यापासून या एका कामासाठी येणाऱ्या गाड्या बऱ्याच वाढल्यात. आधी एक सांगतो, जाळी कुणीही लावू शकतो. पुन्हा काढता येईल अशी लावणं, हे खरं काम. गच्च चिकटवून टाकलेली जाळी वर्षभराने चिखल-किड्यांनी भरते, धुता येत नाही, आणि मग एसी गार होईना म्हणून गिऱ्हाईक गॅस भरत बसतं.

आधी कशाला वाचवायचंय ते बघा. कंडेन्सर म्हणजे ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारखे पातळ पंख. नळीची भिंत अर्धा मिलिमीटरही नसते. एसी चालू असताना आत गॅसचा दाब १५ बारच्या आसपास असतो, तुमच्या टायरमधल्या हवेच्या सहा-सातपट. आणि हा नाजूक जीव रेडिएटरच्याही पुढे, थेट तोंडावर उभा. जुन्या गाड्यांत समोर ग्रिलच्या जाड पट्ट्या असायच्या. आता बंपरच्या खाली मोठं तोंड उघडं ठेवतात, कारण हवा तिथूनच सगळ्यात जास्त येते. दगडही तिथूनच येतो.

हा उपाय काही आजचा नाही. १९२३ साली फ्रान्समध्ये ल माँची पहिली चोवीस तासांची मोटार शर्यत झाली. तिच्यात बेंटलीचा एक हेडलाइट दगडाने फुटला आणि नंतर पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं. चालक डफ पळत पिटपर्यंत, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या थांब्यापर्यंत, गेला आणि त्याचा जोडीदार क्लेमेंट सायकलवरून पेट्रोलचे कॅन घेऊन गाडीपाशी गेला. पुढच्या वर्षी तीच जोडी हेडलाइटवर जाळ्या आणि टाकीभोवती चटई बांधून आली आणि शर्यत जिंकली. त्यामुळे गॅरेजमध्ये कुणी ‘जाळी म्हणजे नुसता शो’ म्हणालं की मी हा किस्सा ऐकवतो.

आता जाळीची निवड. दुकानात गेलात की चार प्रकार समोर येतात. पहिली ताणलेल्या पत्र्याची, शंकरपाळ्यांच्या भोकांची ॲल्युमिनियमची जाळी. दुसरी तारेची विणलेली, स्टेनलेस स्टीलची. तिसरी जोड मारलेली चौकोनी, बहुतेक वेळा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. आणि चौथी, जी लोक सर्रास घेऊन येतात, ती खिडकीची डासांची जाळी. चौथी तिथेच ठेवा. का, ते आकड्यात सांगतो.

तारेच्या जाळीतून हवेला किती मोकळी जागा मिळते त्याचा हिशेब सोपा आहे. भोकाची रुंदी भागिले भोक अधिक तार, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. भोक ८ मिमी, तार १ मिमी असेल तर ८ भागिले ९, वर्ग केला की सुमारे ७९ टक्के. भोक ३ मिमी आणि तार तीच, तर ५६ टक्के. डासांच्या जाळीचं भोक साधारण १.२ मिमी आणि तार पाव मिमी धरली तर हिशेबात ६८ टक्के येतात. बघणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर ३ मिमीवालीपेक्षा बरी! इथेच फसगत होते. बारीक भोकातून हवा घासत जाते, तिचा जोर तिथेच मरतो, आणि पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी उसाच्या पट्ट्यातून गाडी काढली की किड्यांनी ती भोकं बुजून जातात. मग ६८ टक्के कागदावर राहतात. म्हणून टक्के बघा, पण भोकाचा आकारही बघा.

बंपरसाठी मी ८ ते १० मिमी भोक आणि १ ते १.२ मिमी तार वापरतो. त्यातून ६ मिमीची कच आत जाईलच, हे खरं. पण दगडाचं वजन आकाराच्या घनाने वाढतं. ६ मिमीचा खडा १२ मिमीच्या खड्याच्या एक अष्टमांश वजनाचा असतो. माझ्याकडे फुटून आलेल्या कंडेन्सरांवरचे घाव बोटाच्या पेरासारख्या खडीचेच असतात. कचीने पंख थोडे वाकतात, ते कंगव्याने सरळ होतात.

ॲल्युमिनियम घ्यायची की स्टील? घाटमाथ्यावर, आपल्याकडे, ॲल्युमिनियमची शंकरपाळी जाळी पुरते. हलकी, हाताने वळते, पत्र्याच्या कात्रीने कापता येते. महिन्यातून चारदा रत्नागिरी-मालवणला जाणाऱ्यांनी स्टेनलेस ३०४ प्रतीची घ्यावी, तीही समुद्राला लागूनच राहत असाल तर ३१६. मात्र स्टेनलेस थेट उघड्या ॲल्युमिनियमला किंवा लोखंडी पत्र्याला टेकू देऊ नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात स्टेनलेस शाबूत राहून शेजारचा धातू झिजतो. मध्ये रबरी बीडिंग किंवा नायलॉनचा वॉशर आलाच पाहिजे.

शंकरपाळी जाळीची एक खुबी आहे, ती दुकानदार सांगत नाही. तिच्या पट्ट्या सपाट नसतात, झडपांसारख्या तिरप्या असतात. एका बाजूने धरली तर उभ्या माणसाला आरपार दिसतं, उलटी केली तर जवळजवळ बंद दिसते. कापायच्या आधी बंपरसमोर उभं राहून दोन्ही बाजूंनी धरून बघा आणि एक दिशा पक्की करा. मधला तुकडा एका दिशेचा आणि फॉग लॅम्पशेजारचा दुसऱ्या दिशेचा लागला, की एकाच रंगात रंगवूनही दोन तुकडे वेगळ्या रंगाचे दिसतात. सुरुवातीला मी हे करून बसलोय. गिऱ्हाईक म्हणालं, “मिस्त्री, अर्धा रंग दुसऱ्या डब्यातला लावला काय?” शिवाय ही जाळी शंकरपाळ्याच्या आखूड बाजूला ताणली जाते, लांब बाजूला नाही. बंपरला गोलाई असते, तेव्हा लांब बाजू आडवी ठेवली की ती दिसायलाही बरी दिसते आणि वळतेही नीट.

मापासाठी पुठ्ठा घ्या. बंपर काढून, पालथा घालून, जाड गोधडीवर ठेवा. काढताना चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरच्या आणि खालच्या बटण क्लिपा, आणि फॉग लॅम्पचं कनेक्टर, या तीन गोष्टी विसरू नका. माणसं दोन लागतात. एकट्याने ओढला की बंपरच्या कानाची पकड तुटते, आणि मग हेडलाइटखाली कायमची फट राहते. पुठ्ठा मागून तोंडावर ठेवून कडा पेन्सिलीने उतरवा, त्याच्या चहूबाजूंनी १५ ते २० मिमी जास्त ठेवून कापा, आणि तो फर्मा जाळीवर ठेवून मार्क करा. पुठ्ठा दोनदा फुकट गेला तरी चालतो, जाळी गेली तर परत बाजारात जावं लागतं.

कापताना शक्यतो सांध्यावर कापा, म्हणजे टोकं लोंबत नाहीत. विणलेली तार कडेला सुटते, म्हणून कडेच्या दोन तारांना आधी टेप मारा आणि टेपवरूनच कापा. हातमोजे घाला. या जाळीची जखम ब्लेडसारखी बारीक नसते, करवतीसारखी फाटते. कडेला कानस फिरवा आणि मग लाकडी ठोकळ्यावर, रबरी हातोडीने, हळूहळू गोलाई द्या. जाळी बंपरच्या आतल्या आकाराला न दाबता स्वतःहून टेकली पाहिजे. ताणून बसवलेली जाळी रस्त्यावर कुरकुरते.

रंग काळा, मॅट. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा स्प्रे दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून आधी घासून, पुसून, इच प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा पहिला हात. पावडर कोटिंग टिकतं छान, पण भोकं बारीक करतं. ८ मिमीला फरक पडत नाही, ४ मिमीला पडतो.

आता मुख्य गोष्ट, पकड. बंपरच्या मागे एक खूण ठोकलेली असते, बहुतेक गाड्यांत पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरं. म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिप्रोपिलीन. या प्लॅस्टिकचा स्वभाव असा, की त्याला काहीही चिकटत नाही. इपॉक्सी, इन्स्टंट ग्लू, पुट्टी, सगळं सुरुवातीला दगडासारखं घट्ट वाटतं आणि एका उन्हाळ्यात अख्खं पापड सुटावा तसं सुटून येतं. गरम करून लावायचा ग्लू तर मे महिन्यात दुपारी पार्किंगमध्येच मऊ होतो. ग्रिलचा वरचा भाग एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकचा असेल तर तिथे इपॉक्सी धरते, पण तुमचं तोंड खालचं आहे.

सिलिकॉनबद्दल वेगळं सांगतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात तेच पहिलं हातात देतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि लोखंड, जस्त, तांबं यांना खातं. गॅल्व्हनाइज्ड जाळीवर लावलं तर वर्षभरात तिथेच पांढरी पूड आणि मग गंज. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्या. तेही फक्त खडखड बंद करायला. पकड म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

माझी पद्धत अशी. बंपरच्या तोंडात आडव्या प्लॅस्टिक पट्ट्या असतील तर जाळी त्यांच्या मागे ठेवून काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या नायलॉन टायने बांधतो, दर ८ ते १० सेंटीमीटरला एक, गाठ मागे, शेपूट बुडातून कापलेली. दोन-तीन उन्हाळ्यांनी टाय ठिसूळ होतात, नव्या लावायच्या, खर्च चहाइतका. तोंड पूर्ण उघडं असेल, एकही पट्टी नसेल, तर बंपरच्या आतल्या बाजूला जे मूळचे स्क्रूचे खांब असतात ते शोधतो आणि ॲल्युमिनियमची २० मिमी रुंद पट्टी जाळीवर दाबून, मोठ्या वॉशरसह, त्याच स्क्रूंनी आवळतो. चार ते सहा ठिकाणी पकड मिळाली की पुरे. खांब नसतील तर मागून गरम स्टेपल, म्हणजे तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवायची तारेची पिन, बसवून त्याला पट्टी अडकवतो. हे काम प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, नवशिक्याने केलं तर स्टेपल पुढे फुटून रंगावर फोड येतो. कुठलीही पद्धत घ्या, जाळीची कड रबरी यू-बीडिंगमध्ये घाला. कापलेल्या कडेने प्लॅस्टिक कुरतडलं जात नाही आणि आवाजही मरतो.

जाळी आणि कंडेन्सर यांच्यात किमान २५ मिमी अंतर ठेवा. हा आकडा मी शिकलो तो स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची सोय म्हणून बंपर न काढता, खालून हात घालून, जाळी थेट कंडेन्सरच्या चौकटीला बांधून दिली. पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत. सहा महिन्यांनी तो गृहस्थ परत आला, गॅस गेलेला. बघतो तर जाळीची एक तार प्रत्येक खड्ड्यागणिक नळीवर घासत घासत आरपार गेलेली. दगडापासून वाचवायला लावलेल्या जाळीनेच कंडेन्सर फोडला. नवा मी माझ्या खिशातून बसवून दिला. त्या दिवसापासून बंपर काढल्याशिवाय मी जाळीला हात लावत नाही.

पत्र्याच्या तोंडांबद्दलही विचारतात, म्हणजे बॉनेटवरचं हवेचं तोंड किंवा फेंडरवरच्या फटी. तिथे पॉप रिव्हेट मारून मोकळं होणाऱ्यांची मला भीती वाटते. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. मारायचंच असेल तर भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, वर रंग, आणि आतून मेण. त्यापेक्षा ब्युटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन चिकटवणं बरं, काच बसवणारे वापरतात ते. रंगवलेल्या पत्र्याला ते झकास धरतं.

इंजिन तापेल का, हा तुमचा प्रश्न. ८ मिमी भोकाची स्वच्छ जाळी असेल तर सहसा नाही. पण सहसा या शब्दावर विसंबू नका, मोजा. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या, खोबणीत लावायचं छोटं यंत्र मोबाइलला जोडता येतं आणि कूलंटचं तापमान दिसतं. जाळी लावायच्या आधी एकदा आंबा घाट एसी लावून चढा, आकडा टिपून ठेवा. जाळीनंतर तोच घाट, तीच वेळ, तेवढीच माणसं. दोन-तीन अंशांचा फरक मी सोडून देतो. पाचाच्या वर गेला तर जाळी मोठ्या भोकाची घ्यायला हवी, किंवा फक्त कंडेन्सरच्या समोरचाच भाग झाकून कडेचे मोकळे सोडायला हवेत. आणि सिग्नलला उभं असताना एसीचा गारवा बघा. गाडी उभी असते तेव्हा हवा फक्त पंख्याच्या ओढीने येते, जाळीचा अडथळा तिथे आधी जाणवतो.

ज्या गाड्यांत पुढचा रडार आहे, म्हणजे आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या, त्यांच्या रडारसमोर धातूची जाळी अजिबात नको. रडारची लहर धातूतून जात नाही. तुमच्या गाडीत तो नसावा, पण तोंडामागे सपाट काळा डबा दिसला तर आधी मॅन्युअल उघडा. पार्किंगचे सेन्सर असतील तर तेही झाकू नका. आडव्या लोखंडी पट्टीवरचे एअरबॅगचे सेन्सर कुठे आहेत ते बघितल्याशिवाय तिथे ड्रिल लावू नका, बॅटरी सोडवल्याशिवाय तर नाहीच. आणि बाहेरचा लोखंडी गार्ड लावून काम भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. आतली जाळी त्यात मोडत नाही, कारण ती गाडीबाहेर येत नाही आणि कुणाला लागत नाही.

उंदरांचं म्हणाल तर उरलेला तुकडा तिथे वापरू नका. एक तर ८ मिमीतून चिचुंद्रीचं पिल्लूही जाईल, घरातला लहान उंदीर ६ मिमीच्या फटीतूनही शिरतो. दुसरं, ॲल्युमिनियम तो कुरतडून टाकतो, दात त्याहून कठीण असतात. तिथे जोड मारलेली स्टीलची, ६ मिमीहून बारीक भोकाची. वायपरखालची प्लॅस्टिक पट्टी काढा, आत ब्लोअरला हवा देणारं आयताकृती तोंड दिसेल, जाळी तेवढ्याच तोंडावर बसवा. त्या पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी राहिलीच पाहिजेत. तिथे जाळी लावली की गुलमोहराची पानं साचतात, पाणी तुंबतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं. काम झाल्यावर दोन तांबे पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतंय का बघा. अजून एक वाट बहुतेकांना माहीत नसते. मागच्या बंपरच्या आत, दोन्ही बाजूंना, रबरी झडपांच्या खिडक्या असतात. दार आपटलं की आतली हवा तिथून बाहेर जाते. उंदीर ती रबर खाऊन आत येतो. तिथे जाळी बाहेरून लावा, झडपेला न टेकता, नाहीतर झडप उघडणार नाही आणि दारं आपटूनही बसेनाशी होतात. एअर फिल्टरच्या नळीला जाळी लावायची असेल तर फिल्टरच्या आधी, अगदी बाहेरच्या तोंडाला. फिल्टरच्या पुढे इंजिनकडे कधीच नाही. तारेचा तुटलेला तुकडा इंजिनात गेला तर उंदीर परवडला म्हणाल.

धुणं आतून बाहेर करायचं, साध्या पाइपाने. सर्व्हिसिंगवाल्याला जोराचं पाणी समोरून मारू देऊ नका, कंडेन्सरचे पंख झोपतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एप्रिलमध्ये सावरीचा कापूस उडतो तेव्हा एकदा. टायने बांधलेली असेल तर दर दिवाळीला चार टाय कापून जाळी खाली घ्या आणि मागचा चिखल बघा, थक्क व्हाल.

आणि पावसाळ्याआधी की नंतर? मार्चअखेर लावा. एप्रिल-मेच्या उन्हात एसी आणि तापमान दोन्हींची परीक्षा होते, काही बदल करायचा असेल तर जूनच्या आत करता येतो. बंपर काढायच्या आधी आठ-दहा बटण क्लिपा आणून ठेवा, जुन्यांतल्या तीन-चार तुटतातच.